सुकत्या जमिनीतून मुळे पाणी कशी घेतात? ओलाव्याचा जमाखर्च आणि एका संरक्षित पाण्याची वेळ

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण 650 ते 750 मि.मी. पाऊस पडतो. त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. रब्बी ज्वारी, हरभरा, करडई ही पिके मात्र त्यानंतर वाढतात. म्हणजे कोरडवाहू रब्बीचे पीक पावसावर येत नाही. ते जमिनीने साठवून ठेवलेल्या ओलाव्यावर येते. हा ओलावा दिवसेंदिवस कमी होत जातो आणि मुळांना उरलेल्या ओलाव्यातून पाणी ओढून घ्यावे लागते.

अशा वेळी शेततळ्यात किंवा विहिरीत एकाच पाळीपुरते पाणी असते. ते केव्हा द्यावे? फार लवकर दिले तर फुलोऱ्यात जमीन पुन्हा कोरडी पडते. फार उशिरा दिले तर कणसाचे नुकसान आधीच झालेले असते. याचे उत्तर अंदाजाने न काढता हिशेबाने काढता येते. हा हिशेब शास्त्रज्ञ संगणकावर करतात. त्याचेच सोपे रूप शेतकरी बंधू-भगिनींना वहीच्या एका पानावर मांडता यावे, हा या लेखाचा उद्देश आहे.

जमिनीत पाणी किती आणि पिकाच्या कामाचे किती?

चांगला पाऊस होऊन गेल्यावर जादा पाणी निचरून जाते. त्यानंतर जमिनीत जे पाणी टिकून राहते त्याला जमिनीची जलधारण क्षमता म्हणतात. आपल्या भाषेत, वाफसा आला त्या सुमारास जमिनीत असलेले हे पाणी. या वेळी माती पाणी सुमारे एक-तृतीयांश बार इतक्याच ताणाने धरून असते, त्यामुळे मुळांना ते सहज मिळते.

माती सुकत गेली की उरलेले पाणी मातीच्या बारीक पोकळ्यांत आणि कणांभोवतीच्या पातळ थरात राहते. माती ते जास्त जोराने धरून ठेवते. हा ताण सुमारे 15 बारपर्यंत गेला की बहुतेक पिके कोमेजतात आणि रात्री गारवा आला तरी सावरत नाहीत. हा कायम कोमेजण्याचा बिंदू होय. अमेरिकेतील ब्रिग्ज व शांत्झ या शास्त्रज्ञांनी 1912 साली अनेक पिकांवर याचा अभ्यास केला. हा बिंदू पिकापेक्षा मातीच्या प्रकारावर जास्त अवलंबून असतो, असे त्यांना आढळले.

जलधारण क्षमता व कोमेजण्याचा बिंदू यांच्यामधले पाणी म्हणजे उपलब्ध ओलावा. आपल्याकडील बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे ती भरपूर पाणी धरते. परंतु त्यातील बरेच पाणी कोमेजण्याच्या बिंदूखाली अडकलेले असते. म्हणून काळी माती हाताला ओलसर लागली तरी पीक सुकलेले दिसू शकते. हिशेबासाठी खोल काळ्या जमिनीत दर 10 सें.मी. खोलीस सुमारे 18 ते 20 मि.मी. आणि मध्यम जमिनीत सुमारे 15 मि.मी. उपलब्ध ओलावा धरावा.

मूळ पाणी ओढते म्हणजे काय करते?

पाणी जिथे कमी ताणाने धरलेले असते तिथून जास्त ताणाच्या जागी जाते. पानांच्या रंध्रांतून वाफ बाहेर पडली की पानात ओढ निर्माण होते. ती खोडातून मुळापर्यंत आणि मुळाच्या पृष्ठभागावरून मातीपर्यंत पोहोचते. या साखळीसाठी झाडाला स्वतःची फारशी शक्ती खर्चावी लागत नाही. ऊन व कोरडी हवाच हे पाणी ओढून घेत असते.

खरी अडचण मुळालगतच्या मातीत असते. मूळ आपल्याभोवतीचे पाणी आधी घेते आणि ती माती आधी सुकते. पुढचे पाणी थोड्या अंतरावरच्या ओल्या मातीतून या सुक्या थरातून यावे लागते. ओल्या मातीत मोठ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असल्याने पाणी भराभर सरकते. माती सुकली की त्या पोकळ्यांत हवा शिरते आणि पाण्याची वाट अरुंद होते. जलधारण क्षमतेपासून कोमेजण्याच्या बिंदूपर्यंत जाताना मातीची पाणी वाहून नेण्याची शक्ती हजारो पटींनी घटते.

अमेरिकेचे मृदाशास्त्रज्ञ गार्डनर यांनी 1960 साली एकच मूळ म्हणजे एक बारीक नळी असे मानून हे गणित मांडले. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पीक केव्हा कोमेजेल हे केवळ जमिनीत किती पाणी उरले यावर ठरत नाही. पाण्याची मागणी किती वेगाची आहे आणि माती ते पाणी किती वेगाने मुळापर्यंत पोहोचवू शकते, यावरही ते ठरते. म्हणूनच दुपारी माना टाकलेली कपाशी रात्रीतून सावरून सकाळी ताठ उभी दिसते. रात्री मागणी थांबते आणि दूरचे पाणी हळूहळू मुळापर्यंत येऊन पोहोचते. सकाळीही पाने मलूल राहू लागली, तर मात्र जमिनीतील साठा खरोखर तळाला आला असे समजावे.

गणिती प्रतिमान म्हणजे काय?

नेदरलँड्समधील फेडेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 साली एक सोपी रीत मांडली. आजही अनेक संगणकीय प्रतिमानांत ती वापरली जाते. तिच्यात ओलाव्याच्या तीन अवस्था मानल्या आहेत.

1) जमीन फार ओली : मातीत हवा नसते, मुळांना श्वास घेता येत नाही आणि पाणी असूनही ते घेता येत नाही. लांबलेल्या उघडिपीनंतर जोराचा पाऊस होऊन काळ्या रानात पाणी साचले की कपाशीची झाडे एकाएकी सुकतात. ही आकस्मिक मर याच प्रकारात मोडते. तिथे उपाय पाणी देण्याचा नसून पाणी काढून देण्याचा व माती मोकळी करण्याचा असतो.

2) ओलावा पुरेसा : पीक हवामानाच्या मागणीइतके पाणी घेते.

3) जमीन सुकत आहे : ठराविक मर्यादेनंतर पीक रंध्रे मिटू लागते आणि पाण्याची उचल कमी कमी होत शून्यावर येते.

जागतिक अन्न व कृषी संघटनेने 1998 साली प्रसिद्ध केलेल्या पीक पाणी गरजेच्या मार्गदर्शिकेत दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेमधली सीमा पिकानुसार दिली आहे. उपलब्ध ओलाव्याचा किती भाग पीक विनासायास घेऊ शकते, ते पुढे दिले आहे.

तक्ता क्र. 1 : उपलब्ध ओलाव्यापैकी सहज मिळणारा भाग
कपाशी : 65 टक्के
ज्वारी : 55 टक्के
गहू : 55 टक्के
हरभरा : 50 टक्के
मोसंबी व इतर लिंबूवर्गीय फळझाडे : 50 टक्के
कांदा : 30 टक्के

हे आकडे दररोज सुमारे 5 मि.मी. पाण्याची गरज गृहीत धरून दिलेले आहेत. कडक उन्हाळ्यात मागणी वाढली की सहज मिळणारा भाग कमी होतो, थंडीत तो थोडा वाढतो. गार्डनर यांच्या गणिताशी हे जुळते. कांद्याला थोडे थोडे पाणी वारंवार का लागते आणि कपाशी ताण का सोसते, हेही या तक्त्यावरून ध्यानात येईल.

ज्वारीच्या ओलाव्याचा जमाखर्च

आता एक उदाहरण घेऊ. खोल काळी जमीन आहे, ज्वारीची मुळे 100 सें.मी. खोल जातात आणि दर 10 सें.मी. ला 20 मि.मी. उपलब्ध ओलावा आहे. पेरणीच्या वेळी जमीन पूर्ण भिजलेली होती आणि त्यानंतर पाऊस झाला नाही असे समजू.

जमा : 200 मि.मी.
त्यापैकी सहज मिळणारे (55 टक्के) : 110 मि.मी.
कष्टाने मिळणारे : 90 मि.मी.

पहिले 30 दिवस पीक लहान असते. जमिनीवरील बाष्पीभवन धरून रोज सरासरी 1.5 मि.मी. खर्च मानू. एकूण खर्च 45 मि.मी., शिल्लक 155 मि.मी. त्यानंतर पिकाची गरज रोज 4 मि.मी. मानू. म्हणजे सुमारे 46 व्या दिवशी शिल्लक 90 मि.मी. वर येते. सहज मिळणारे पाणी इथे संपले.

यापुढे पीक रोज 4 मि.मी. घेऊ शकत नाही. त्या दिवसाची उचल काढण्याची रीत अशी :

रोजची उचल = 4 × शिल्लक ओलावा ÷ 90

रोज सकाळची शिल्लक घ्या, उचल काढा, ती वजा करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. प्रतिमान म्हणतात ते एवढेच.

तक्ता क्र. 2 : पाणी न दिल्यास
46 वा दिवस : शिल्लक 90 मि.मी., उचल रोज 4.0 मि.मी.
56 वा दिवस : शिल्लक 57 मि.मी., उचल रोज 2.5 मि.मी.
66 वा दिवस : शिल्लक 36 मि.मी., उचल रोज 1.6 मि.मी.
76 वा दिवस : शिल्लक 23 मि.मी., उचल रोज 1.0 मि.मी.

पीक एकाएकी मरत नाही, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी. ते दिवसागणिक कमी पाण्यावर जगत राहते. दुरून शेत हिरवे दिसते, परंतु फुलोऱ्याच्या वेळी पिकाला गरजेच्या एक-तृतीयांश पाणीही मिळत नसते. नुकसान डोळ्यांना दिसण्याच्या बरेच आधी सुरू झालेले असते.

एकच पाणी केव्हा द्यावे?

समजा, 60 मि.मी. चे एकच संरक्षित पाणी देता येते. 31 ते 76 व्या दिवसापर्यंतच्या 46 दिवसांत पिकाची गरज 184 मि.मी. आहे. हेच पाणी वेगवेगळ्या दिवशी दिले, तर वरील रीतीने पुढील उत्तरे मिळतात.

तक्ता क्र. 3 : एका पाण्याच्या वेळेचा परिणाम
पाणी न दिल्यास : पिकाने घेतलेले पाणी 132 मि.मी.; 70 व्या दिवशी उचल रोज 1.3 मि.मी.
46 व्या दिवशी दिल्यास : 170 मि.मी.; 70 व्या दिवशी 2.7 मि.मी.
55 व्या दिवशी दिल्यास : 166 मि.मी.; 70 व्या दिवशी 2.8 मि.मी.
66 व्या दिवशी दिल्यास : 154 मि.मी.; 70 व्या दिवशी 3.6 मि.मी.

46 ते 55 दिवसांच्या दरम्यान पाणी दिल्यास फारसा फरक पडत नाही. 66 व्या दिवसापर्यंत थांबल्यास फुलोऱ्यात जास्त ओलावा मिळतो खरा, पण त्याआधीचे वीस दिवस पीक उपाशी राहिलेले असते. याच दिवसांत कणीस घडत असते. कणसात दाण्यांची जागाच कमी झाली, तर नंतर दिलेल्या पाण्याने ती वाढत नाही. रब्बी ज्वारीच्या पाण्याच्या संवेदनक्षम अवस्थांमध्ये 50 ते 55 दिवसांची पोटरीची अवस्था का सांगितली जाते, याचे कारण या हिशेबात सापडते. एकच पाणी असेल तर खोल जमिनीत ते पोटरीच्या सुमारास द्यावे. दुसरे पाणी मिळाल्यास ते 70 ते 75 दिवसांच्या फुलोऱ्याच्या वेळी द्यावे.

मध्यम-उथळ जमिनीचे गणित वेगळे येते. माती 45 सें.मी. आणि दर 10 सें.मी. ला 15 मि.मी. धरल्यास एकूण जमा 68 मि.मी. होते. त्यातील सहज मिळणारे केवळ 37 मि.मी. असते. रोज 1.5 मि.मी. खर्चानेही ते 25 व्या दिवशी संपते. अशा जमिनीत पोटरीपर्यंत थांबता येणार नाही, पाणी गर्भावस्थेतच, म्हणजे 28 ते 30 दिवसांनी द्यावे लागेल. पाण्याची सोय नसेल तर अशा रानात रब्बी ज्वारी घेण्याचा विचार पेरणीपूर्वीच सोडणे हिताचे ठरते. शेजाऱ्याने ज्या दिवशी पाणी दिले त्याच दिवशी आपणही द्यावे असे नाही. आपल्या मातीची खोली हीच आपली शिल्लक होय.

60 मि.मी. म्हणजे एकरी सुमारे 2 लाख 43 हजार लिटर पाणी. वर 30 × 30 मीटर, 3 मीटर खोल व बाजूंना एकास एक उतार असलेल्या शेततळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. बाष्पीभवन व पाझर यांत निम्मे गेले असे धरले, तरी चार एकरांना एक पाळी देता येते. तुषार संचाने दिल्यास पाणी सारखे पसरते. सारे भिजवून देताना मात्र भेगांतून पाणी खाली निघून जाते, म्हणून भेगा मोठ्या होण्यापूर्वीच पाणी देणे फायद्याचे असते.

आपल्या शेतातील शिल्लक कशी मोजावी?

पाणी घेणारी मुळे सर्व थरांत सारखी नसतात. सर्वसाधारणपणे मुळांच्या खोलीचे चार समान भाग केले, तर वरच्या भागातून 40 टक्के, त्याखालून 30, मग 20 आणि तळातून 10 टक्के पाणी घेतले जाते. वरचा थर सुकला की खालच्या थरावरचा भार वाढतो. म्हणून केवळ वरची माती पाहून निर्णय घेऊ नये.

1) गिरमिटाने 0 ते 30, 30 ते 60 व 60 ते 90 सें.मी. खोलीवरील माती काढावी. शेतात तीन-चार ठिकाणी असे करावे.

2) माती मुठीत दाबून पाहावी. गोळा होऊन तळहात ओलसर झाला व बोटांनी दाबल्यास मातीची पट्टी निघाली, तर ओलावा भरपूर आहे. गोळा होतो पण पट्टी लगेच तुटते, तर ओलावा मध्यम आहे. गोळाच होत नाही, कठीण खडे राहतात, तर तो थर रिता झाला आहे.

3) अचूक आकडा हवा असल्यास नमुना हवाबंद डब्यात घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत न्यावा. तेथे तो 105 अंश सेल्सिअसला 24 तास सुकवून वजनातील घट काढता येते. उदाहरणार्थ, ओलावा 30 टक्के, कोमेजण्याचा बिंदू 18 टक्के, मातीची घनता 1.3 व थर 30 सें.मी. असल्यास त्या थरातील शिल्लक = 12 ÷ 100 × 1.3 × 300 मि.मी. = सुमारे 47 मि.मी.

वहीतील शिल्लक व प्रत्यक्ष शिल्लक यांचा दर पंधरा दिवसांनी मेळ घालावा. फरक पडला तर वही दुरुस्त करावी, मातीला दोष देऊ नये.

खर्च कमी करण्याचे मार्ग

ज्यांच्याकडे एकही पाणी नाही त्यांनाही हा हिशेब उपयोगी आहे. जमा वाढवता येत नसेल तर खर्च कमी करता येतो.

1) कोळपणी : एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जाणती माणसे म्हणत आली आहेत. काळी जमीन सुकली की आकसून भेगाळते. या भेगांच्या कडांतून खोलवरचा ओलावा उडतो आणि बारीक मुळेही तुटतात. ज्वारीत पहिली कोळपणी तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करावी. दातेरी कोळप्याने भेगा बुजतात.

2) तणनियंत्रण : तणाचीही मुळे त्याच खात्यातून पाणी काढतात. त्यांची उचल वहीत लिहिलेली नसते एवढेच.

3) ताटांची संख्या : वेळेवर विरळणी करावी. पाऊस फारच कमी झाला असेल तर ज्वारीची दर तिसरी ओळ काढून वैरणीस वापरावी. उरलेल्या ताटांच्या मुळांना जास्त माती मिळते.

4) मूलस्थानी जलसंधारण : खरिपात रुंद वरंबा सरी, उताराला आडवी पेरणी व बंदिस्ती यांमुळे रब्बीची जमा वाढते. वरंबासरीने जादा पाण्याचा निचराही होतो.

5) पिकाची निवड : करडईचे सोटमूळ खोल जाते, त्यामुळे खोल जमिनीत ती तळाच्या थरातील ओलावा वापरू शकते.

मोसंबी बागायतदारांसाठी

छत्रपती संभाजीनगर व जालना भागातील मोसंबी बागायतदार हे तत्त्व पिढ्यान्पिढ्या वापरत आले आहेत. बहार धरण्यासाठी पाणी तोडून बागेला ताण देतात, तो म्हणजे झाडाला ठरवून तिसऱ्या अवस्थेत नेणे होय. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी जमिनीत जास्त दिवस लागतात, कारण साठा मोठा असतो. दिवस मोजण्याबरोबर पाने व माती दोन्ही पाहावीत.

दुष्काळातील ताण मात्र ठरवून दिलेला नसतो. 2012 च्या दुष्काळात या भागातील अनेक मोसंबीच्या बागा वाळल्या. ज्वारीचे एक वर्ष बुडते, बाग गेली तर अनेक वर्षांची मेहनत जाते. अशा वर्षी बहार धरू नये. हलकी छाटणी करून पानांचे क्षेत्र कमी करावे, आळ्यात पाचट किंवा भुश्शाचे आच्छादन करावे, 6 ते 8 टक्के केओलीनची फवारणी करावी आणि असलेले पाणी ठिबकने किंवा मडक्याने मुळांच्या कक्षेतच द्यावे. उद्देश फळांचा नसून झाड जिवंत ठेवण्याचा असावा.

या हिशेबाच्या मर्यादा

हिशेबात माती सर्वत्र सारखी मानली आहे. प्रत्यक्षात नांगराच्या तळाशी कठीण थर असल्यास मुळे खाली जात नाहीत व खालची शिल्लक पिकाच्या कामी येत नाही. कालव्याच्या क्षेत्रातील खारवट जमिनीत क्षारांमुळे पाण्यावरील ओढ आणखी वाढते, माती ओली असूनही पीक सुकते. शिवाय मुळे पहिल्या दिवसापासून 100 सें.मी. खोल नसतात. म्हणून सुरुवातीला फक्त वरच्या थराची शिल्लक पाहावी.

आपल्या भागात हा विचार नवा नाही. 1930 च्या दशकात सोलापूर, विजापूर व रायचूर यांसह पाच ठिकाणी कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे सुरू झाली. रायचूर तेव्हा औरंगाबादप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. ओलावा टिकवण्याच्या पद्धतींवर त्या वेळेपासून काम होत आले आहे. त्या कामाचा उपयोग आपल्या बांधापर्यंत पोहोचण्यासाठी आपल्या शेताचे आकडे आपल्याकडे असले पाहिजेत.

तरी शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या रब्बीत निदान एका शेतापुरती अशी वही ठेवावी. पेरणीच्या दिवशी मातीची खोली व जमा ओलावा लिहावा, दर आठवड्याला खर्च वजा करावा आणि सहज मिळणारे पाणी संपण्याची तारीख आधीच काढून ठेवावी. त्या तारखेच्या सुमारास मोटार, पाइप व तुषार संच तयार असला, तर एकच पाणी कणसाच्या कामी येईल.